गुराख्याचे सोंग

बंगळूरच्या छावणीभागातील रस्त्यांची जुनी नावे ओळीने वाचीत गेले, म्हणजे एखाद्या पलटणीची हजेरी चालली आहे असा भास होतो. इन्फन्ट्री रोड, कॅव्हलरी रोड, ब्रिगेड रोड : पायदळ गेले, घोडदळ गेले, कवायतीची मैदाने उद्यानांत आणि बाजारांत विरून गेली, नावे तेवढी राहिली. त्यांतील कॅव्हलरी रोडने तर आता नावही टाकले असून तो कामराज रोड झाला आहे. १८०९ मध्ये श्रीरंगपट्टणची, हिवतापाने त्रासलेली फौज इंग्रजांनी बंगळुरास हलविली, आणि तिच्या चाकरीसाठी छावणीच्या कुशीत जी वस्ती वाढली तिला ते ब्लॅकपल्ली म्हणू लागले. तेच आजचे शिवाजीनगर. मोतद्दार, गवतकापे, खाटीक, कातडी कमावणारे, खोगिरे शिवणारे, अशा माणसांच्या श्रमांवर छावणीचा डामडौल उभा होता. डामडौलाच्या आठवणी पुस्तकांत शिरल्या; श्रमाच्या आठवणींना तेवढी जागा मिळाली नाही.

बदलीच्या निमित्ताने येथे येणाऱ्या मराठी माणसास शिवाजीनगर हे नाव परके वाटत नाही. १६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले, तेव्हा त्या मोहिमेत शहाजीराजे होते. पुढे बंगळूर त्यांच्या जहागिरीत आले आणि बालशिवाजी जिजाबाईंसह काही काळ येथे राहून गेले. १६८७ च्या सुमारास मोगलांच्या हातून हे ठाणे म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे तीन लाख रुपयांस गेले. हा चिक्कदेवराज या लेखात पुढे पुन्हा भेटणार आहे. तेव्हा त्याचे नाव ध्यानी ठेवावे.

सुटीच्या दिवशी बंगळूरहून सहलीस निघालेली कुटुंबे पुष्कळदा म्हैसूरच्या रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटरवरील रामनगरास जातात. तेथील प्रचंड, उघडे, गोलाकार कातळ दुरूनच नजरेत भरतात. या खडकांचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरात आहे आणि भूशास्त्रज्ञ त्यास क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात. कारण म्हैसूर दरबारातील इंग्रज रेसिडेंट बॅरी क्लोज याच्या नावावरून या गावास पूर्वी क्लोजपेट म्हणत. त्याआधी, टिपूच्या काळी, ते शमशेराबाद होते. इतकी नावे पालटलेल्या या गावास एक नाव असे चिकटले आहे की ते कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. ते नाव म्हणजे रामगढ. येथे येणारा प्रवासी रामदेवरबेट्टाच्या पायऱ्यांवर दम घेता घेता पहिला प्रश्न विचारतो तो हा, की गब्बरसिंग कोणत्या खडकावर उभा होता?

‘शोले’ हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे चित्रीकरण १९७३ च्या ऑक्टोबरात या खडकांत सुरू झाले. रमेश सिप्पी यांच्यासाठी कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी येथे एक सबंध गाव उभे केले : घरे, देऊळ, मशीद, ठाकुराची हवेली. हमरस्त्यापासून आत जाण्यास वाट बांधावी लागली आणि त्या भागास काही काळ सिप्पीनगर असेही म्हटले जाई. आगगाडीचा थरारक प्रसंग मात्र इकडे टिपलेला नसून तो पनवेलजवळच्या लोहमार्गावरील आहे. तात्पर्य, गाव कर्नाटकातले, गाडी महाराष्ट्रातली, दरोडेखोर चंबळेच्या खोऱ्यातला आणि सगळ्यांच्या बसण्याउठण्याची ऐट अमेरिकेच्या वाळवंटातली, अशी ही गोधडी आहे. समीक्षकांनी या जातीच्या चित्रपटांना विनोदाने ‘करी वेस्टर्न’ म्हटले ते याच कारणाने. चित्रीकरण संपताच ते गाव मोडून टाकण्यात आले. जे कधी नव्हतेच, आणि जे उभारले होते तेही उरले नाही, अशा गावास पाहावयास लोक अर्धशतक येत आहेत, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यास विचार करावयास लावणारी आहे.

या विचाराचा धागा धरून मागे गेले तर आपण अमेरिकेतील गुराख्यापाशी पोहोचतो. ‘काऊबॉय’ या शब्दाचा सरळ अर्थ गुराखी. टोपी, पिस्तूल आणि भरधाव घोडा यांच्या गर्दीत त्याच्या नावातील गाय मात्र हरवली आहे. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तेव्हा टेक्ससच्या माळांवर लक्षावधी मोकाट गुरे होती आणि उत्तरेकडील शहरांना मांसाची भूक होती. १८६७ मध्ये कॅन्सस राज्यातील ॲबिलीन येथे आगगाडीत गुरे चढविण्याचा तळ झाला आणि दक्षिणेकडून गुरांचे तांडे हाकीत नेण्यास सुरुवात झाली. दोन-अडीच हजार गुरे आणि त्यांच्यामागे दहा-बारा माणसे, अशी ही यात्रा दोन-तीन महिने चाले. धूळ, पाऊस, रात्रीचा पहारा, विजेच्या कडकडाटाने बिथरलेला कळप. आणि एवढ्यासाठी महिन्यास पंचवीस ते चाळीस डॉलर पगार. या माणसांपैकी चौघांत एक कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मेक्सिकन गुराख्यांची संख्याही मोठी होती आणि विद्या तर त्यांचीच होती. ‘रँच’, ‘रोडिओ’, ‘लॅसो’, ‘मस्टँग’ हे इंग्रजीत रूढ झालेले शब्द मूळचे स्पॅनिश आहेत. ज्याचा मुलूख जिंकला त्याचा धंदा आणि त्या धंद्याची भाषा जेत्याने उचलली, आणि पुढे चित्रपटात मात्र त्याच मेक्सिकन माणसास खलपुरुषाची भूमिका दिली.

हे गुराखीपण वीस वर्षे टिकले. १८७४ मध्ये इलिनॉय राज्यातील जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेचे पेटंट मिळविले आणि मोकळ्या माळांना कुंपणे पडू लागली. आगगाडी टेक्ससमध्येच येऊन पोहोचली, तेव्हा गुरे हाकीत नेण्याचे प्रयोजन उरले नाही. १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात उत्तरेकडील माळांवर गुरांचे कळपच्या कळप गोठून मेले. जो उरला तो मोकळ्या माळावरचा स्वार कुंपणातला शेतमजूर झाला.

आणि नेमके याच वेळी त्याचे सोंग रंगभूमीवर आले. विल्यम कोडी ऊर्फ बफेलो बिल याने १८८३ मध्ये आपला ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ सुरू केला, आणि १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी तो लंडनला नेला. अर्ध्या माळावर खरा गुराखी गुरे हाकीत असता उरलेल्या अर्ध्या जगात त्याची नक्कल तिकीट लावून चालली होती. १९०२ मध्ये ओवेन विस्टर याची ‘द व्हर्जिनियन’ ही कादंबरी आली, १९०३ मध्ये आगगाडी लुटण्याचा मूकपट आला, आणि गुराखी हा श्रमिक न राहता वीरपुरुष झाला.

वाळवंटातील गावांनी हे सोंग अंगावर कसे घेतले, याची तीन उदाहरणे ॲरिझोना राज्यात एकमेकांच्या आसपास सापडतात. पहिले टूमस्टोन. १८७९ मध्ये रुप्याच्या खाणीवर वसलेल्या या गावात २६ ऑक्टोबर १८८१ रोजी एक चकमक झाली. ती जेमतेम अर्धा मिनिट चालली आणि तीत तिघे ठार झाले. गावात शस्त्र बाळगून हिंडू नये असा नगरपालिकेचा नियम होता आणि त्याच्या अंमलबजावणीवरून तंटा पेटला होता, हे आज क्वचितच कोणी सांगतो. त्या काळी त्या प्रदेशात ‘काऊबॉय’ हा शब्द गुरेचोरास उद्देशून शिवीसारखा वापरला जाई, हेही कोणी सांगत नाही. खाणींत पाणी भरले, रुपे संपले, गाव ओसाड होऊ लागले. १९२९ मध्ये जिल्ह्याची कचेरीदेखील टूमस्टोनहून बिस्बी गावी हलविण्याचे ठरले. आणि त्याच वर्षी गावाच्या पन्नाशीचे निमित्त करून टूमस्टोनने ‘हेलडोरॅडो’ नावाचा उत्सव मांडला व जुन्या चकमकीचे सोंग रस्त्यात उभे केले. कचेरी गेली आणि सोंग आले. आज हे गाव त्या सोंगावर जगते. अर्ध्या मिनिटाची ती झुंज तेथे पाहुण्यांसाठी पुनःपुन्हा लढली जाते.

दुसरे उदाहरण स्कॉट्सडेलचे. १८८८ मध्ये विन्फील्ड स्कॉट या लष्करी पाद्र्याने तेथे जमीन घेऊन संत्र्या-लिंबांची झाडे लाविली. अर्थात गाव मूळचे बागाइती. दुसऱ्या महायुद्धानंतर हिवाळ्यात उन्हासाठी येणाऱ्या श्रीमंतांची रीघ लागली, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनी ‘पश्चिमेतले सर्वांत पश्चिमी गाव’ हे बिरुद घेतले. दुकानांपुढे लाकडी पडव्या आणि घोडे बांधण्याचे खांब आले. घोड्यांची मोठी मिरवणूक निघू लागली, आणि दूरच्या हॉलब्रुक गावाहून घोडेस्वारांनी टपाल आणण्याचा वार्षिक खेळ रूढ झाला. पोहण्याचे तलाव आणि गोल्फची मैदाने यांच्या शेजारी घोड्याचा खांब, अशी ही मौज आहे. तिसरे उदाहरण टूसॉन शहराजवळच्या जुन्या टूसॉनचे. ते तर १९३९ मध्ये ‘ॲरिझोना’ नावाच्या चित्रपटासाठी बांधलेले नकली गाव. १९६० मध्ये ते प्रवाशांस खुले झाले.

या तिन्ही गावांत फरक आहे. टूमस्टोनने आपल्याच भूतकाळातील एक क्षण घेऊन त्याचा धंदा केला. स्कॉट्सडेलने शेजारच्या रानाचा भूतकाळ अंगावर पांघरला. जुन्या टूसॉनला चित्रपटाखेरीज भूतकाळच नव्हता. रामनगर या तिसऱ्या वर्गातले, असे प्रथमदर्शनी वाटते. त्यास गुराख्याची परंपरा ती कोठली? रामनगर प्रसिद्ध आहे ते रेशमाच्या कोशांच्या बाजारासाठी. तेथील माणसाच्या हाती चाबूक नसून तुतीच्या पानांची टोपली असते. परंतु जुन्या म्हैसूर राज्याचा इतिहास चाळू लागले म्हणजे ध्यानात येते की, टेक्ससच्या गुराख्यांपूर्वी दोनशे वर्षे या प्रदेशात गुराख्यांचे एक सबंध सरकारी खातेच नांदत होते.

आणि येथेच चिक्कदेवराज पुन्हा भेटतो. १६७३ ते १७०४ या काळात राज्य केलेल्या या कर्तबगार राजाने दरबारच्या गाईंची व्यवस्था लावून ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची कचेरी, नीट बसविली. गाईंच्या चराईसाठी राज्यभर राने राखून ठेविली. त्यांस कन्नडमध्ये ‘कावल’ म्हणतात. काही कावले उन्हाळ्याची, काही पावसाळ्याची, काही हिवाळ्याची. ऋतूंबरोबर कळप एका रानातून दुसऱ्या रानात जात. हैदरअलीने या गाईंच्या पोटच्या बैलांचे लष्करी मोल ओळखले आणि तोफा ओढण्यास ते जुंपले. टिपूने खात्याचे नाव ‘अमृतमहाल’ ठेविले आणि त्याच्या कारभाराचा हुकूमनामा काढला. कळपांची वार्षिक मोजदाद, गोऱ्ह्यांची निवड, चाकरांची कर्तव्ये, हे सारे त्यात बांधून दिले होते. १७८१ मध्ये चिदंबरमच्या कुमकेस हैदर अडीच दिवसांत शंभर मैल धावला तो या बैलांच्या जोरावर, असे सांगतात. अमृतमहाल गाय दुधासाठी प्रसिद्ध नाही. तिचे दूध वासरासाठी राखीत, कारण राज्यास बैल हवा होता. उंच शिंगांचे, करड्या रंगाचे, परक्यास अंगावर येणारे पण आपल्या गुराख्याच्या हाकेस ओळखणारे हे जनावर आहे.

श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडले, आणि हे कळप जेत्यांच्या नजरेखाली आले. त्याच सुमारास टिपूच्या कैदेतून सुटलेला, चन्नगिरीकडचा मराठा शिपाई धोंडिया वाघ याने बेदनूर-धारवाडच्या मुलखात धामधूम मांडली. त्याच्या पाठलागावर निघालेला आर्थर वेलस्ली म्हणजे पुढे वॉटर्लूचा विजेता झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १० सप्टेंबर १८०० रोजी कोणगलच्या लढाईत धोंडिया पडला. वेलस्लीच्या दक्षिणेतील वेगवान हालचालींचे श्रेय म्हैसूरच्या बैलांस दिले जाते, आणि पुढे स्पेनमधील युद्धात त्यास या बैलांची आठवण येत असे, असे म्हैसूरच्या जुन्या इतिहासलेखकांनी नमूद केले आहे. ज्या स्पेनने अमेरिकेस गुराख्याची विद्या दिली त्याच स्पेनमध्ये एका इंग्रज सेनापतीस म्हैसूरच्या गुराख्याचे बैल आठवावेत, हा इतिहासाचा एक गमतीचा योग होय. अमेरिकन गुराख्याच्या तोंडी स्पॅनिश शब्द राहिले, तसे म्हैसूरच्या घोडदळात ‘शिलेदार’ आणि ‘बारगीर’ हे आपल्या ओळखीचे शब्द संस्थानाच्या अखेरीपर्यंत नांदले.

या खात्याची पुढील हकीकत सरकारी नोकरीतील वाचकास विशेष उद्बोधक वाटेल. १७९९ नंतर कळपांची आबाळ झाली, म्हणून १८१३ मध्ये कॅप्टन हार्वे या अधिकाऱ्याच्या हाती ते देण्यात आले आणि थोड्याच वर्षांत त्यांची स्थिती सुधारली. पुढे १८६० मध्ये काटकसर म्हणून सारे खातेच मोडण्यात आले आणि जनावरे विकून टाकली. ज्याने हा निर्णय कागदावर उतरविला त्यास तो निश्चितच शहाणपणाचा वाटला असेल. खर्चाचा एक रकाना कोरा झाला. परंतु चारदोन वर्षांतच लष्करास चांगले बैल मिळेनात, आणि १८६६ मध्ये विखुरलेल्या कळपांतील जनावरे शोधून शोधून खाते पुन्हा उभे करावे लागले. चिक्कमगळूर जिल्ह्यातील अज्जंपूर येथे अमृतमहाल गाईंच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आजही आहे.

म्हणजे रामनगराचा प्रवासी ज्या प्रदेशात परदेशी गुराख्याच्या सोंगाची जागा शोधीत हिंडतो, त्याच प्रदेशात खऱ्या गुराख्याचा तीनशे वर्षांचा इतिहास पडून आहे, आणि त्याकडे कोणी फिरकत नाही. हा दोष चित्रपटाचा नाही. ‘शोले’ने इतिहास सांगण्याची प्रतिज्ञा केलेली नव्हती, त्याने गोष्ट सांगितली आणि ती विलक्षण प्रभावीपणे सांगितली. सोंगाविषयी तक्रार करणे मराठी माणसास शोभणारही नाही. बहुरूपी, लळित, दशावतार यांच्या परंपरेत आपण वाढलो. गुराख्याचे सोंग तर आपल्याकडे पूज्यच आहे. आषाढी वारीची सांगता पंढरपुरी गोपाळकाल्याने होते. त्या वेळी हजारो वारकरी क्षणभर गोकुळातले गोपाळ होतात, शिदोऱ्या एकत्र कालवितात आणि एकमेकांच्या मुखी घास घालतात. श्रावणातल्या दहीहंडीत गिरण-कारखान्यांत राबणारी मुंबईची मुलेही गोविंदा होऊन थरावर थर रचीत आली आहेत. बैलपोळ्यास बैलाच्या खांद्यावर जू चढत नाही. त्याची शिंगे रंगवून, झूल घालून त्यास मिरवितात. इकडे म्हैसूर प्रांतात संक्रांतीच्या सायंकाळी गुरांना सजवून पेटत्या गवतावरून उड्या मारावयास लावतात. हाही खेळच आहे, आणि त्यातही भरपूर मौज आहे.

मग भेद कोठे पडतो? पोळ्याच्या दिवशी सजलेला बैल दुसऱ्या दिवशी नांगरास जुंपला जातो. ज्या हातांनी त्याची शिंगे रंगविली तेच हात त्याचा दाणावैरणीचा हिशेब ठेवितात. खेळ आणि काम यांची गाठ तेथे सुटलेली नसते. एका दिवसाची मौज वर्षाच्या ऋणाची आठवण करून देते. टूमस्टोनच्या रस्त्यावर पिस्तूल झाडणाऱ्या नटास गुरांशी देणेघेणे नसते, आणि तिकीट काढणाऱ्यासही नसते. तेथे काम संपल्यावर खेळ सुरू झाला, म्हणून खेळाने कामाची आठवण आपल्या सोयीने बेतली : पगार वगळला, कृष्णवर्णीय गुराखी वगळला, मेक्सिकन गुराखी खलपुरुष केला आणि टोपी ठेविली. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. वाळवंटातील या गावांनी त्या म्हणीवरही मात केली. त्यांनी सोंगच पैसा केले.

तरीही सोंगाचा धंदा करून एखादे मरणारे गाव जगले, तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार दुरून पाहणाऱ्यास नाही. प्रश्न निराळाच आहे, आणि तो आपल्या अंगणातला आहे. सोंगास जागा देताना जिवंत कामाची जागा जाते की काय? रामदेवरबेट्टाच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. २०१२ मध्ये हा डोंगर गिधाडांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. गिधाड गुरांच्या मेलेल्या देहावर जगते. गावाच्या वेशीवरचा तो बिनपगारी सफाईदार. १९९० नंतरच्या काळात गुरांना वेदनाशामक म्हणून दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने ही जात देशभर जवळजवळ नाहीशी झाली, तेव्हा २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गुरे, गुराखी आणि गिधाड हे एकाच साखळीचे दुवे आहेत. २०१७ च्या सुमारास ‘शोले’चे आभासी गाव येथे उभारण्याची कल्पना राज्याच्या पर्यटन खात्याने पुढे आणिली, तेव्हा पक्षिप्रेमी मंडळींस चिंता वाटली ती याचसाठी. नकली गावात नकली दरोडेखोर उभा करावयाचा आणि त्याच्या डोक्यावर आकाशात मात्र खरे गिधाड नसावे, हा सौदा तोट्याचा आहे.

याहून मोठा प्रश्न कावलांचा आहे. चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे तालुक्यात अमृतमहालाची विस्तीर्ण कावले होती. आसपासच्या गावांची मेंढरे व गुरे पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर चरत; त्या गवतावरच घोंगड्या विणणाऱ्यांचा धंदा चाले. २०१० च्या आगेमागे यांतील सुमारे दहा हजार एकर जमीन संरक्षण, अणुशक्ती, अवकाश आणि विज्ञान या क्षेत्रांतील राष्ट्रीय संस्थांना देण्यात आली. भिंती उठू लागल्या तेव्हा गुराख्यांना वार्ता कळली, आणि प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. या संस्थांचे राष्ट्रीय मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु ग्लिडनच्या काटेरी तारेने टेक्ससच्या माळाचे जे केले तेच येथे भिंतीने केले, हे मान्य करावयास हवे. माळास कुंपण पडले की गुराखी जातो. गुराखी गेला की त्याचे सोंग येते. अमेरिकेत या दोन पायऱ्यांमध्ये जेमतेम वीस वर्षांचे अंतर होते.

बदलीवर हिंडणारे आपण मराठी अधिकारी ही पायरी ओलांडली जाते त्या जागेवरच पुष्कळदा बसलेले असतो. गुरचरण, गायरान, कावल ही नावे नकाशावर रिकाम्या जागेसारखी दिसतात. तेथे इमारत नसते, पीक नसते, वसूलही नाममात्र. टिप्पणीत ‘पडीक’ असा एक शब्द लिहिला की, तीन ऋतूंच्या तीन चराया, वासरांची निवड आणि गवताची जात ओळखणारी डोळस परंपरा, हे सारे त्या शब्दाखाली गडप होते. १८६० च्या कारकुनानेही असेच काही लिहिले असेल. त्याच्या सुदैवाने विखुरलेले कळप सहा वर्षांनी परत गोळा करता आले. माळावर भिंती उठल्यावर तशी सोय राहत नाही.

रामनगरास जरूर जावे. मुलांना खडक दाखवावेत, संवाद म्हणू द्यावेत. त्यात कसलीही हानी नाही. मात्र तेथेच हमरस्त्यावर ‘जानपद लोक’ हे लोकजीवनाचे संग्रहालय आहे. एच. एल. नागेगौडा या सनदी अधिकाऱ्याने आपल्या संग्रहातून आणि ध्यासातून उभारलेले ते १९९४ मध्ये खुले झाले. नोकरीच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना एक अधिकारी काय जमवू शकतो, याची ती साक्ष आहे. तेथील नांगर, मापे, घागरी आणि वाद्ये पाहून मग रामदेवरबेट्टाकडे वळावे आणि वर पाहावे. एखादे गिधाड घिरट्या घालीत असेल, तर खाली कोठे तरी अजून गुरे चरत आहेत असे समजावे. आणि पुढे कधी चिक्कमगळूरकडे दौरा निघाला, तर अज्जंपूरास तासभर थांबून त्या उंच शिंगांच्या करड्या गाई अवश्य पाहाव्यात. चिक्कदेवराजाच्या कळपाचा वंश अजून तेथे चरतो आहे.